ग्रुपमध्ये राहून एकट्याने गाणं जमतं का? (शायनीचा तेमिन आणि आमच्या घरातला प्रश्न)

जाईजुई

माझी लेक चौदा वर्षांची आहे. ती आणि तिच्या शाळेतल्या चार मैत्रिणी मिळून गातात. गणपतीत गातात, स्नेहसंमेलनात गातात, मागच्या वर्षी शेजारच्या हळदीलाही गायल्या. पंधरा दिवसांपूर्वी गाण्याच्या बाईंनी आंतरशालेय स्पर्धेसाठी पाचांतून हिला एकटीला निवडलं. त्या दिवसापासून चौघींनी अबोला धरलाय. डबासुद्धा वेगळा खातात. पोरगी घरी आली की खोलीत जाते, हेडफोन लावते आणि एका कोरियन मुलाची गाणी ऐकत बसते. तेमिन त्याचं नाव.

परवा मी शेजारी जाऊन बसले, म्हटलं मलाही ऐकव. तिने एक इयरफोन माझ्या कानात घातला आणि सांगत सुटली. तेमिन शायनी नावाच्या पाच जणांच्या ग्रुपमधलं शेंडेफळ. मे २००८ मध्ये ग्रुप आला तेव्हा हा चौदाचा, म्हणजे हिच्याएवढाच. ऑगस्ट २०१४ मध्ये पाचांपैकी सगळ्यात आधी ह्याचा एकट्याचा अल्बम आला. शेवटी म्हणाली, "आणि आई, त्याच्याशी कुणी बोलणं नाही टाकलं. तो अजून ग्रुपमध्येच आहे."

हे खरंच असं झालं का? कसं जमलं त्या मुलांना? जाणकारांनी सविस्तर लिहा. मी तिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

मधलीसुट्टी

तेमिनवर मराठीत धागा! आज अभ्यास गेला.

समुद्रमोती

जाईजुई, तुमची लेक अगदी बरोबर सांगतेय. मी दहा-बारा वर्षं शावोल आहे (शायनीच्या चाहत्यांना शावोल म्हणतात). जरा मागून सांगते.

शायनीत पाच जण. ओन्यू, जोंगह्युन, की, मिन्हो आणि तेमिन. तेमिन २००५ मध्ये एसएम एंटरटेनमेंट या कोरियन गाण्याच्या कंपनीच्या खुल्या चाचणीतून निवडला गेला, तो नाचाच्या जोरावर. गळा अजून तयार नव्हता. म्हणून पहिल्या गाण्यात नाचताना हा सगळ्यांच्या पुढे, पण त्याच्या एकट्याच्या वाट्याला ओळ म्हणून नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनाचा विचार करा. सगळा देश बघतोय, तू मधोमध उभा आहेस, आणि गाणं बाकीचे गातायत.

मग त्याने गाणं शिकायला घेतलं. ग्रुपचे एकामागून एक अल्बम ऐकत गेलात तर त्याच्या ओळी वाढत गेलेल्या कानाने मोजता येतात. आधी अर्धी ओळ, मग एक कडवं, मग धृपद. २०१४ मध्ये तो एकटा उभा राहिला तेव्हा त्यामागे सहा वर्षांचा घाम होता. त्या पहिल्या मिनी अल्बममधलं एक गाणं त्याला जोंगह्युनने लिहून आणि चाल लावून दिलं. जोंगह्युन म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात पक्क्या गळ्याचा गायक. स्वतःचा एकट्याचा अल्बम यायच्या आधी त्याने धाकट्याच्या अल्बमला गाणं दिलं. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं.

भाकरतुकडा

"जोंगह्युन, की, मिन्हो" म्हणजे? जोंगह्युन की मिन्हो? एक कोण ते नक्की सांगा.

समुद्रमोती

भाकरतुकडा, हसून पुरेवाट झाली. "की" हे एका गायकाचं नाव आहे हो! पाचही जण वेगवेगळे.

बांधावरून

मला हे कौतुक पटत नाही, आणि मनापासून लिहितोय. अकरा-बारा वर्षांचं पोर कंपनीने उचलायचं, वर्षानुवर्षं तालीम द्यायची, केस कुठल्या रंगाचे हे ठरवायचं, गाणं दुसऱ्याने लिहायचं, नाच तिसऱ्याने बसवायचा. ह्यात त्या मुलाचं स्वतःचं काय? साच्यातून गणपती काढावेत तसे गायक काढतात. "आता तू एकटा गा" हेही कंपनीच सांगते. त्याला मैत्री टिकवून घेतलेली भरारी म्हणणं म्हणजे करारालाच नातं म्हणणं झालं. चौदा वर्षांच्या मुलीपुढे हा आदर्श ठेवताना विचार करावा.

खर्जातला

बांधावरून यांच्या काळजीशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. मी पंचवीस वर्षं मुलांना गाणं शिकवतो, त्यामुळे गळ्यापुरतं बोलतो.

मुलग्यांचा आवाज साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. माझ्याकडे एक विद्यार्थी होता. काळी पाचमध्ये मोकळा गायचा, तार सप्तकात पाखरासारखा फिरायचा. आठवीच्या दिवाळीनंतर क्लासला आला आणि षड्जच लागेना. सूर लावायला गेला की मध्येच फाटायचा, आणि पोर कावरंबावरं होऊन माझ्याकडे बघायचं. त्याच्या आईला मी सांगितलं, वर्षभर कार्यक्रम नको, स्पर्धा नको. रोज पहाटे फक्त खर्ज, तोही जोर न लावता. दीड वर्षाने तो काळी एकमध्ये स्थिरावला. आज चांगला गातो. त्या दीड वर्षात हट्टाने स्पर्धांना उभा केला असता तर गळा कायमचा गेला असता.

म्हणून समुद्रमोती यांनी लिहिलेली पहिल्या गाण्याची गोष्ट वाचल्यावर मला त्या मुलाचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. फुटत्या आवाजाच्या वयात त्याच्या गळ्यावर ओझं पडलं नाही, बाकीच्या चौघांनी ते उचललं. ग्रुपचा हा मोठा फायदा आहे. एकटा गाणारा मुलगा त्या वयात कुणाच्या मागे उभा राहणार?

पडदावर

माझ्या आजेसासूबाईंनी (वय ९१) माझ्या फोनवर ह्याचा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "मुलगा का मुलगी?" मी म्हटलं मुलगा. लगेच म्हणाल्या, "मग सुरेख आहे. नारायणरावांचं असंच असायचं म्हणे."

नारायणराव म्हणजे बालगंधर्व! त्यानंतर बांधावरून यांचा प्रतिसाद वाचला आणि वाटलं, हे आपल्याला परकं कुठे आहे? नाटक कंपन्या अशाच चालायच्या. पोरसवदा मुलं कंपनीच्या बिऱ्हाडात राहायची. पहाटे तालीम, एका पंगतीत जेवण, पदं एकाची, चाली दुसऱ्याच्या, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहायचा तो गळा. दीनानाथ मंगेशकर १९१४ मध्ये कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१८ मध्ये सोबत्यांबरोबर बाहेर पडून त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांच्याआधी बालगंधर्व १९०५ मध्ये त्याच किर्लोस्करमध्ये आले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढायला बाहेर पडले. चाली दुसऱ्यांच्या म्हणून बालगंधर्वांचं गाणं त्यांचं नव्हतं, असं कुणी म्हणेल का?

बांधावरून

पडदावर, बिनतोड आहे. पण तुमच्याच उदाहरणात दोघेही मंडळी सोडून गेले. जाईजुईंचा प्रश्न राहून एकट्याने गाण्याचा आहे.

दूरदेशी

सोडून जाण्याची विलायती उदाहरणं ढीगभर आहेत. टेक दॅटमधून रॉबी विल्यम्स १९९५ मध्ये बाहेर पडला, पुढच्या वर्षी ग्रुपच मोडला. एकट्याने तो प्रचंड मोठा झाला, पण जुन्या सोबत्यांबरोबर पुन्हा गायला २०१० उजाडलं. वन डायरेक्शनमधून मार्च २०१५ मध्ये झेन मलिक गेला आणि वर्षभरात बाकीचे चौघेही आपापल्या वाटेला लागले. तिकडे "सोलो" म्हणजे दार लावून निघणं. कोरियात दार उघडं ठेवायची पद्धत जास्त दिसते.

समुद्रमोती

दूरदेशी, दार उघडं राहायला कारणंही आहेत. २००९ मध्ये त्याच एसएम कंपनीच्या टीव्हीएक्सक्यू ग्रुपमधले तिघे तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्यानंतर तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणला आणि सात वर्षांची मर्यादा आली. म्हणून बांधावरून जे म्हणतात ते निराधार नाही, त्या मुलांना न्याय भांडूनच मिळाला.

पण पुढचंही ऐका. २०२४ च्या वसंतात तेमिनने एसएम सोडली आणि एकट्याच्या कामासाठी दुसऱ्या कंपनीत गेला. ओन्यूही गेला. शायनीचं काम मात्र एसएमकडेच राहिलं आणि दोघेही शायनीत राहिले. करार संपला, नातं उरलं. करारालाच नातं म्हणताय असं तुम्ही लिहिलंत, त्याला माझं हे उत्तर.

मधलीसुट्टी

जाईजुई काकू, लेकीबरोबर २०१७ चं "मूव्ह" बघा. त्यात तो जवळजवळ हलतच नाही, आणि तरी नजर हटत नाही.

पायरव

मधलीसुट्टीने सुचवलं म्हणून काल रात्री बघितलं. मी कथक शिकले, आणि दोन वर्षं एका ज्येष्ठ बाईंकडे बैठकीची लावणी शिकायला जात होते. हा नाच मला ओळखीचा वाटला.

बैठकीच्या लावणीत बाई बसलेली असते. पायांना काम नाही. शब्द एकच, पण तो पाच वेळा येतो आणि पाचही वेळा अर्थ वेगळा. एकदा भुवईतून, एकदा पदराच्या टोकातून, एकदा नुसतं मनगट वळवून. आमच्या बाई म्हणायच्या, "पन्नास जणी नाचत असल्या तरी बघणाऱ्याने तुझं बोट बघितलं पाहिजे." ह्या मुलाचं तेच आहे. ठेका जोरात असतो, अंगात तो पूर्ण मुरलेला दिसतो, पण बाहेर येतो खांद्याच्या एका हलक्या झोक्यातून. बाकी सगळं आतच धरून ठेवलेलं. ज्याला वेगात नाचता येतं त्यालाच हे धरून ठेवणं जमतं. नवशिक्याला नाही जमत.

नाच कोणी बसवला ते शोधलं. कोहारू सुगावारा नावाची जपानी नर्तिका. पुरुषी आणि बायकी यांच्यामधली रेघ पुसायची हा हेतू त्याने तेव्हा उघड सांगितला होता. म्हणजे पडदावर यांच्या आजेसासूबाईंनी अचूक हेरलं!

फिरतीवर

मी सुवॉनला नोकरीला आहे, सोलपासून तासाभरावर. थोडं इथलं सांगतो. गायकांच्या वाढदिवसाला सोलच्या मेट्रो स्टेशनांत भिंतभर फलक लागतात. ते कंपनी लावत नाही, चाहते वर्गणी काढून लावतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्याकडचे चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आठवले. फलकाखाली लोक चिठ्ठ्या चिकटवतात. एकदा एक साठीच्या बाई पिशवीतून चिकटपट्टी काढून, सुटलेल्या चिठ्ठ्या एकेक करून परत लावत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आली, गेली, त्या लावतच होत्या.

आणि सैन्याचं. इथे धडधाकट मुलाला दीड वर्षाच्या आसपास सैन्यात जावंच लागतं, गायक असो की कुणी. त्यामुळे ग्रुप तुटतात किंवा तात्पुरते लहान होतात. मागे राहिलेला एकट्याने गातो आणि सगळ्यांचं नाव तेवत ठेवतो.

समुद्रमोती

फिरतीवर, हेच शायनीत घडलं. डिसेंबर २०१८ पासून ओन्यू, की, मिन्हो ओळीने सैन्यात गेले. मागे एकटा धाकटा. त्या काळात त्याने एकट्याचं काम केलं, शिवाय ऑक्टोबर २०१९ मध्ये सुपरएम नावाच्या दुसऱ्या ग्रुपमध्ये उभा राहिला. शायनीचा एक, एक्सोचे दोन, एनसीटी १२७ चे दोन, वेव्हीचे दोन, असे सात. त्यांचा पहिलाच मिनी अल्बम अमेरिकेत बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत पहिला आला. ज्या मुलाला एके काळी स्वतःची ओळ नव्हती, तो तिथे सगळ्यात अनुभवी.

पडदावर

अहो, हा तर संयुक्त मानापमान! १९२१, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन वेगळ्या कंपन्यांचे राजे एका रंगमंचावर. भामिनी एका कंपनीची आणि धैर्यधर दुसरीचा.

समुद्रमोती

सुंदर! फरक एवढाच की सुपरएमचे सातही एकाच कंपनीचे, ग्रुप वेगवेगळे.

दूरदेशी

थोडं अवांतर. आपल्या मुंबईतही २००१ मध्ये अ बँड ऑफ बॉइज निघाला होता. पाच मुलं, त्यातले चैतन्य भोसले म्हणजे आशाताईंचे नातू. सुधांशु पांडे पुढे अभिनयात रमले. चॅनल व्हीच्या पॉपस्टार्स या टीव्ही स्पर्धेतून व्हीवा आणि आसमा हे ग्रुप आले. त्यातल्या नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, नीती मोहन आज आपापल्या नावाने गातात. ग्रुप मात्र एकही टिकला नाही. मला वाटतं आपल्याकडे गाण्याला सिनेमाशिवाय पोटच नाही, आणि सिनेमाला एका वेळी एकच गळा लागतो. पाच जणांना एकत्र ठेवायला जो रोजचा मंच लागतो, तो त्यांना मिळाला नाही. त्या मुलामुलींत काही कमी नव्हतं.

खर्जातला

दूरदेशी, पूर्ण सहमत. सारेगमप लिटिल चॅम्प्सच्या २००८-०९ च्या पर्वातल्या पाच मुलांना लोकांनी किती वर्षं एकत्र ऐकलं! पण त्यांची वाट पहिल्यापासून एकेकट्याचीच होती.

मधलीसुट्टी

कुणी जोंगह्युनबद्दल लिहीत नाहीये. काकू लेकीला वाचून दाखवणार आहेत म्हणून लिहू की नको असं झालंय.

समुद्रमोती

मीही त्याच कारणाने थांबले होते. पण तिला ते माहीतच असणार, शायनी ऐकणाऱ्याला ते टळत नाही. तेव्हा नीटच लिहिते.

१८ डिसेंबर २०१७ ला जोंगह्युन गेला. २७ वर्षांचा होता, नैराश्याशी झगडत होता. "मूव्ह" येऊन दोनच महिने झाले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानमधले ठरलेले मोठे कार्यक्रम होते, शेवटचे दोन टोकियो डोममध्ये. चौघांनी ते केले. त्याच्या ओळी कुणी वाटून घेतल्या नाहीत असं नाही, पण जिथे शक्य होतं तिथे त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज वाजू दिला. पुढे मे-जूनमध्ये दहा वर्षांचा अल्बम तीन भागांत काढला. त्याच्या आईने आणि घरच्यांनी त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढलं. तरुण कलाकारांना मदत आणि समुपदेशन करतात.

तेमिन स्वतः मे २०२१ मध्ये सैन्यात गेला, सैन्याच्या बँडमध्ये. तिथे चिंता आणि नैराश्य वाढलं म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्याला सार्वजनिक सेवेच्या कामावर हलवलं. हे लपवलं नाही, जाहीर सांगितलं. मला त्याचा सगळ्यात अभिमान ह्या गोष्टीसाठी वाटतो. एप्रिल २०२३ मध्ये तो सुटला, जूनमध्ये चौघांचा नवा अल्बम आला, ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा त्याचा एकट्याचा. पुढच्या वर्षी एकट्याचा जगदौरा सुरू झाला.

पायरव

समुद्रमोती, लिहिलंत ते चांगलं केलंत. वाचणाऱ्या कुणालाही असं जड वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

बांधावरून

रात्री पुन्हा सगळा धागा वाचला. कंपन्यांबद्दलचं माझं मत तसंच आहे, लहान मुलांना इतकं राबवू नये. पण तेमिनबद्दल मी घाई केली. आजारी आहे हे सगळ्या देशापुढे सांगणं कुठल्या साच्यातून येत नाही.

जाईजुई, चौघींनाही एक संधी द्या. त्यांना बाईंनी काय सांगितलं? नुसतं "तिला निवडलं" एवढंच कानावर आलं असेल तर राग येणारच. माझ्या मुलाच्या कबड्डी संघात हेच झालं होतं. एकाची जिल्ह्याला निवड झाली आणि बाकीच्यांना सरावालाच बोलवेनात. त्यांना राग निवडीचा नव्हता, घरी बसवल्याचा होता.

जाईजुई

तीन दिवस लिहिलं नाही, कारण आम्ही रोज रात्री थोडं थोडं वाचत होतो. खर्जातला यांचा विद्यार्थी आणि फिरतीवर यांच्या चिकटपट्टीवाल्या बाई, हे दोन प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावले. जोंगह्युनचा भाग तिने स्वतःच वाचला, मोठ्याने, आणि मग दिवा घालवून माझ्याजवळ झोपली.

बांधावरून, तुमचा कबड्डीचा मुद्दा वाचून ती उठूनच बसली. म्हणाली, "आई, निवड झाल्यापासून मीच त्यांना प्रॅक्टिसला बोलावलं नाहीये. मला वाटलं त्या येणार नाहीत." दुसऱ्या दिवशी शाळेत तिने पेटी वाजवणाऱ्या मैत्रिणीला विचारलं की साथीला बसशील का. ती काही बोलली नाही. काल संध्याकाळी सहाला बेल वाजली, तर दारात तीच. बाबा खाली स्कूटरवर, पेटी मागच्या सीटवर दोरीने बांधलेली. आत येऊन तिने एवढंच विचारलं, "पट्टी कुठली?" साडेआठपर्यंत दोघी बसल्या होत्या. बाकीच्या तिघी अजून बोलत नाहीत.

खर्जातला, एक विचारायचं होतं. बाईंनी काळी पाच दिलीय. अंतऱ्यात वरच्या गंधाराला ती मान वर करते आणि आवाज ओढल्यासारखा वाटतो. स्पर्धेला बारा दिवस आहेत. बदलावी का?

खर्जातला

काळी चार करून बघा, पण आधी बाईंना विचारा, त्यांच्या नकळत नको. मान वर जाते म्हणजे पट्टी एक सूर उंच आहे. पेटीवर बसणाऱ्या मुलीला सांगा की पहिले दोन दिवस पूर्ण गाणं वाजवू नकोस, नुसता षड्ज-पंचम धरून ठेव आणि हिला त्यावर अंतरा आकारात म्हणू दे. घशाला कोमट पाणी, सरबतं बंद.

मधलीसुट्टी

काकू, स्पर्धा झाली की ह्याच धाग्यावर कळवा. आणि त्या तिघींचंही.